आखूड दोर

शिवप्पा कोळ्यानं नाव हवाली करताना गुंडाला दोनच गोष्टी बजावल्या. दोर कधी आखूड बांधायचा नाही, ही पहिली. आणि इळा कायम दोराशेजारी टांगलेला पाहिजे, काही झालं तरी तो तिथनं हलवायचा नाही, ही दुसरी. गुंडा शहाण्या पोरासारखी मान डोलवत होता. त्याची बायको मायाक्का मागं उभी राहून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, म्हाताऱ्याचं काहीतरीच. ढिली बांधलेली वस्तू सकाळी जागेवर सापडली, असं कधी झालंय का?

आता तिला तरी नावं कशी ठेवायची? मैंदर्गीच्या पलीकडं, जिथं बाभळीलासुद्धा पाणी मागून घ्यावं लागतं, त्या माळावर धनगराच्या पोटी ती जन्मली. बाप मायाप्पा. ती परकर नेसत होती तेव्हाची गोष्ट. एका रात्री मायाप्पानं म्होरक्या बोकडाला सैल बांधलं. बोकड सुटला, त्याच्या मागनं निम्मी मेंढरं चालती झाली, आणि सकाळी ओढ्यात लांडग्यांनी जे काही ठेवलं होतं ते त्या पोरीनं डोळ्यांनी बघितलं. त्या दिवशी मायाप्पानं तिला आपली गाठ शिकवली. जितकं ओढावं तितकी आवळत जाणारी. जनावर हिसडे मारून मारून थकेल, पण गाठ काही सुटायची नाही. मायाक्का लग्न होऊन गुंडाच्या घरी आली ती सोबत ही गाठ घेऊनच आली. कोकरू असो नाहीतर सरपणाचा भारा असो, तिचं बांधणं तेच. गुंडा चेष्टा करायचा. म्हणायचा, "मलाबी बांध की एकदा, म्हंजी तुजा जीव थंड हुईल."

पुढं दोन साल पाऊस झाला नाही आणि मेंढरांवर रोग पडला. उरली ती विकली, त्यांच्याबरोबर लोकर कापायची कातरसुद्धा विकली. सोलापुरात लष्करी कायदा येऊन गेला त्याच्या नंतरची ही वर्षं. मायाक्काचा भाऊ आप्पा तिथं गिरणीत लागला होता. त्यानं निरोपावर निरोप धाडले, या इकडं, मी साहेबाच्या कानावर घालतो. गुंडा काही ऐकेना. "भोंगा वाजला की उठायचं नि भोंगा वाजला की जेवायचं. मग मी मेंढरं राखली ती काय वाईट व्हती? मीच मेंढरू झालो की."

तेवढ्यात नांदरगीच्या शिवप्पाचे गुडघे गेले. त्याची नाव भीमेच्या काठावर उलटी पडून होती. पोरबाळ नव्हतं. त्यानं आपण होऊन गुंडाला विचारलं, चालवतोस का? निम्मं तुझं, निम्मं माझं. आणि ज्यानं जन्मात गुडघ्याच्या वर पाणी बघितलं नव्हतं तो धनगर नावाडी होऊन बसला. लोक त्याला पाण्यातला धनगर म्हणायला लागले.

खोटं कशाला बोला, दिवस बरे होते. मीठ, गूळ, तंबाखू, सोलापूरच्या गिरणीतली डागी कापडं आणि घोंगडी नावेत भरायची आणि गावोगावच्या घाटांना लावत जायचं. मागच्या अंगाला बांबूच्या कमानींवर चटया टाकून छप्पर केलेलं, तिथं झोपायचं. घमेल्यात वाळू भरून वर तीन दगड मांडले की चूल झाली. पुढं एक शेळी. छपराच्या कमानीला झोळी, झोळीत वर्षाची लेक बना. गुंडानं शिवप्पाकडून बांबू रेटायला शिकून घेतलं, पाण्याचा रंग बघून खोली ओळखायला शिकून घेतलं. माणूस उजळून निघाला होता. पोहायला मात्र दोघांनाही येत नव्हतं. गुंडा म्हणायचा, शिकू की, घाई काय हाय.

मायाक्काला मात्र त्या नावेत एक दिवस सुखाची झोप आली नाही. पाठीखाली जमीन हलते म्हणजे काय? पोरीला पदराखाली घेऊन ती फळ्यांची कुरकुर ऐकत पडायची. नाव सुटली, वाहत चालली, आणि आपण तिघं झोपलोय, हे एकच चित्र तिच्या डोळ्यांपुढं यायचं. म्हणून तिनं आपल्यापुरता उपाय काढला. दिवेलागणीला गुंडा दोर चांगला पंधरावीस हात सैल सोडायचा आणि जेवून काठावरच्या माणसांत गप्पा मारायला जायचा. तो गेला की ही नावेच्या तोंडाशी यायची, तिथल्या खुंटावरचा दोर ओढून घ्यायची आणि बापाची गाठ मारायची. नाव घाटाला अशी चिकटायची की हलायचं नाव नको. सकाळी तो उठायच्या आत पुन्हा सोडून ठेवायची. गप्पा मारून झोपेला आलेल्या माणसाला अंधारात काय दिसणार?

एकदा मात्र तिला जाग आली नाही. गुंडा तोंड धुता धुता म्हणाला, "दोर आखडला कसा गं?"

"पाण्यानं आखडला असंल. अंबाडीचा हाय न्हवं."

"व्हय, असंल," तो म्हणाला आणि गाठ सोडत बसला. बराच वेळ लागला त्याला. मायाक्का चुलीत फुंकर घालत राहिली. त्या दिवशी खरं सांगून टाकलं असतं तर तो हसला असता आणि दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं असतं. पण सांगायचं राहिलं ते राहिलंच.

गुंडानं तिला शब्द दिला होता. मृगाच्या आत नाव शिवप्पाला परत करायची आणि सोलापूरला आप्पाकडं जायचं. पुरात नावेवर राहायचं नाही. त्या शब्दावर तर तिनं उन्हाळा काढला होता. पण मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. आभाळ धुतलेल्या पितळीसारखं स्वच्छ. शेतकरी तोंड वर करून बसलेले. नांदरगीच्या डोहात तेवढं पाणी होतं, तिथंच नाव लावलेली. गुंडा म्हणायचा, "पूर कुटनं येतोय? थेंब न्हाय आभाळात. एवढी घोंगडी खपू दे, मग जाऊ."

तिला त्या डोहाचंही भय वाटायचं. डोहाच्या कडेला पात्रातच एक दगडी खांब होता, जुन्या काळी कुणीतरी नावा बांधायला पुरलेला. एरवी त्याचं टोक तेवढं दिसायचं. त्या साली तो पार बुडापर्यंत उघडा पडला होता, आणि त्यांची नाव त्यालाच बांधलेली होती. शिवप्पाची बायको नागव्वा पाणी न्यायला आली की त्या खांबाला हळदकुंकू लावायची. मायाक्कानं विचारलं, "अव्वा, ह्याला का वं लावता?"

"मागं एकदा असाच उघडा पडला व्हता," नागव्वा म्हणाली. घागर डोक्यावर घेतली आणि चालती झाली. मग काय झालं, हे मायाक्कानं विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तीही खांबाला कुंकू लावायला लागली.

मग गुंडाला हिवताप आला. एक दिवस थंडी वाजून भरायचा, दुसऱ्या दिवशी उतरायचा, पुन्हा भरायचा. सगळी घोंगडी अंगावर टाकली तरी दात वाजायचे. आता मात्र त्याची रग जिरली. त्यानं आपण होऊन आप्पाला निरोप धाडला, बाजारच्या दिवशी गाडी घेऊन ये, आमी निघतो. बाजार उद्यावर आला होता. एक दिवस. मायाक्कानं भांडी घासूनपुसून बोचक्यात बांधलीसुद्धा. एवढा एक दिवस निघाला की पायाखाली जमीन आणि डोक्यावर भावाचं छप्पर. तिला दुसरं काही नको होतं.

त्याच दिवशी सकाळी गुंडाचा ताप पुन्हा चढला. डोळे लाल, तोंडानं बडबड. शेळी कालपासून उपाशी ओरडत होती. नागव्वाकडं काडेचिराइताचा काढा मिळाला असता, आणि वर बांधाच्या बाभळींवर थोडा पाला होता. जाऊन यावंच लागणार होतं. मायाक्कानं बनाला पाठीवर घेतलं. पाल्यासाठी दोराशेजारचा इळा काढून कमरेला खोचला. नावेवर दुसरी पातं असलेली वस्तू नव्हती, आणि थोड्या वेळाचाच तर प्रश्न होता.

निघता निघता ती थबकली. असा तापात बडबडणारा माणूस, आणि सैल नाव. आपण वर असताना सुटली तर? त्याला तर बांबूसुद्धा धरवणार नाही. तिनं दोर ओढून घेतला, नावेचं तोंड पार खांबाला भिडवलं आणि नावेच्या खुंटावर बापाची गाठ मारली. मग तेवढ्यानं समाधान होईना म्हणून तिच्यावर आणखी एक मारली.

गुंडानं डोळे उघडले. "कुटं निघालीस?"

"काढा आणती नि शेळीला पाला. तुमी उटू नगा."

"दोर..."

"हाय नीट," ती म्हणाली.

खांबावरनं मुंग्यांची रांग चढत होती, तोंडात पांढरी अंडी. पाण्यावर कुठं कुठं फेसाचे पुंजके होते आणि एक भलंमोठं पान तरंगत आलं होतं, पत्रावळीएवढं. असलं पान तिनं या मुलखात कधी बघितलं नव्हतं. बनाला दाखवावं म्हणून तिनं ते काठीनं ओढलं, तर पोरगी त्याला घाबरून रडायला लागली. मायाक्कानं ते सोडून दिलं आणि चढ चढायला लागली. ऊन मी म्हणत होतं.

पाला कापून, भारा करून ती शिवप्पाच्या घरी पोचली. नागव्वानं काढा चुलीवर ठेवला. शिवप्पा ओसरीत बाजल्यावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होता. काढा आटेपर्यंत बोलायचं काहीतरी म्हणून मायाक्का म्हणाली, "काय एकेक पानं वाहत येत्यात वं नदीला. पत्रावळीएवढं पान बघितलं आज."

शिवप्पाचा हात थांबला. "कसलं पान?"

"मोटं. खरबरीत. मागनं पांढरट."

"साग हाय त्यो," शिवप्पा म्हणाला. "हितं कुटाय साग? वरच्या डोंगरातलं पान हितवर आलं." तो बाजल्यावरनं उठायला लागला. "पोरी, नदीत पाणी हितलं नसतंय. दुसऱ्याचा पाऊस घिऊन येती ती. पाणी कसलं व्हतं? गढूळ?"

"फेस व्हता जरा."

"दोर किती सोडलाय?"

चुलीवर काढा रटरटत होता. "सोडलाय," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता उभी राहिली.

"इळा हाय न्हवं जाग्यावर?"

शिवप्पानं तिच्या कमरेकडं बघितलं. इळा तिथं खोचलेला होता. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. मायाक्का पोरीला घेऊन पळत सुटली. पाल्याचा भारा ओसरीतच राहिला.

उतारावर येईपर्यंत तिला नदीचा आवाज ऐकू आला. आधी तिला वाटलं, आप्पाची गाडी एक दिवस आधीच आली. मग तिनं बांध ओलांडला. सकाळी ज्या वाळूतनं ती चालत आली होती ती वाळूच नव्हती. लाल पाणी बाभळींच्या बुंध्यांना लागलं होतं. वर आभाळ निळंभोर, एक ढग नाही, आणि खाली नदी ओंडके, काटेकुटे आणि कुणाच्या तरी घराचं छप्पर घेऊन चालली होती. आणि तिकडं आत, जिथं काठ होता आणि आता नव्हता, तिथं नाव. शेपूट वर आणि तोंड खाली, बैल बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो तशी. खांब केव्हाच पाण्याखाली गेला होता. पाणी वर येत होतं आणि आखूड दोर नावेचं तोंड खाली धरून बसला होता.

गुंडा नावेच्या तोंडाशी पाण्यात गुडघे टेकून बसला होता. दोन्ही हातांनी गाठ ओढत होता. मग वाकून दातांनी ओढायला लागला. काठावर पाचदहा माणसं जमली होती. ती ओरडत होती, दोर सोड, दोर सोड. जणू तो दुसरंच काही करत होता.

मायाक्का पोरीसकट पाण्यात शिरली. बायांनी तिला मागं ओढलं. तिनं इळा कमरेतनं काढून वर धरला, त्याला दिसावा म्हणून. तेवढ्यात शिवप्पा काठीवर लंगडत आला. त्यानं तिच्या हातातनं इळा घेतला, एका गड्याच्या मुंडाशाला बांधला, आणि त्या गड्यानं होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. इळा निम्म्या वाटेत पडला. पुन्हा ओढून घेतला, पुन्हा फेकला. तेवढ्यात पाणी आणखी हातभर पसरलं होतं. मग मुंडासं सोडून नुसताच फेकला, तो पाण्यात गेला तो गेलाच. कुणीतरी गुळाची काहील आणायला गुऱ्हाळाकडं पळालं. आसपासच्या गावांत माणसं काहिलीत बसून नदी ओलांडायची. पण गुऱ्हाळ गावाच्या पार त्या टोकाला होतं. शेवटी शिवप्पा धोतर खोचून स्वतः शिरला. जन्म पाण्यात काढलेला माणूस, छातीएवढ्या पाण्यात गेला तोच एका ओंडक्यानं त्याला आडवा केला. त्याला दोघांनी ओढून काढलं. काठावर पडून तो नदीला कानडीत शिव्या देत होता.

गुंडानं गाठीचा नाद सोडला. तो उठला, छपराकडं सरकून उभ्या राहिलेल्या शेळीपर्यंत गेला आणि तिचा कासरा सोडला. तो त्यानं स्वतः बांधलेला होता, एका झटक्यात सुटला. शेळी पाण्यात पडली, वाहत गेली आणि खाली वळणावर काठाला लागली. मग तो पुन्हा गाठीपाशी आला. त्यानं ती हातात धरून नीट बघितली. ताप होता तरी माणूस शुद्धीवर होता. ती गाठ त्यानं हजारदा बघितली होती. कोकरांच्या गळ्यात, सरपणाच्या भाऱ्यांवर. शिवप्पानं त्याला असली गाठ कधी शिकवली नव्हती.

त्यानं मान वर केली आणि काठाकडं बघितलं. इतक्या माणसांत त्याला मायाक्का बरोबर सापडली. तिनं तोंडावर हात ठेवला. आता तो बोलणार, सगळ्या गावासमोर विचारणार, हे काय केलंस, आणि त्यानं विचारावंच असं तिला मनापासून वाटलं.

"मामा," तो ओरडला. एवढ्या तापाच्या माणसाचा आवाज इतका मोठा निघेल असं कुणाला वाटलं नसतं. "दोर मीच आवळला. तापात ध्यान ऱ्हायलं न्हाय. माजीच चूक हाय. समद्यांनी ऐका."

शिवप्पानं मान वर केली. मायाक्का ओरडायला गेली, न्हाय, मी, पण तेवढ्यात तो पुढं बोलला.

"माये, पोरीला मागं ने. पाणी वर येतंय."

एवढं बोलून तो छपराकडं वळला आणि बनाची झोळी टांगलेल्या कमानीला धरून उभा राहिला. नावेचं तोंड गेलं, मग छप्पर गेलं. चटया तेवढ्या सुटून वर आल्या आणि घोंगड्यांसारख्या पसरून वाहत गेल्या. काहील घेऊन माणसं पोचली तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणं आप्पा गाडी घेऊन आला, ती गाडी उभीच राहिली. गुंडा सापडला तो दोन गावं खाली. सासरची माणसं आली. सासू मायाक्काच्या गळ्यात पडून रडली आणि मेलेल्या लेकालाच बोलली, असा कसा रं बांधलास, शिकवलेलं ध्यानात कसं ठेवलं न्हाईस. सगळ्या नांदरगीनं कानांनी ऐकलं होतं, त्यानं स्वतः सांगितलं म्हणून. मायाक्काला कुणी अवाक्षरानं बोललं नाही. माणसं तिच्या पाठीवरनं हात फिरवायची आणि ती दगडासारखी बसून राहायची. बोल लावला असता तर तिला रडता तरी आलं असतं.

पाणी उतरलं. शिवप्पानं तिला नदीवर बोलावून घेतलं. खांब पुन्हा उघडा पडला होता, चिखलानं माखलेला. दोर त्याला तसाच होता, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला नावेचा खुंट, एका फळीच्या तुकड्यासकट उपटून राहिलेला. खुंटावर गाठ. तिच्यावर आणखी एक गाठ.

शिवप्पानं ती बोटांनी चाचपली. मायाक्का म्हणाली, "मामा, ती..."

"गप ऱ्हा," शिवप्पा म्हणाला. त्यानं कमरेचा चाकू काढला. गाठ भिजून वाळून लाकडासारखी झाली होती, कापायला फार वेळ लागला. कापल्यावर त्यानं ती गाठ डोहात टाकली, फळीसुद्धा टाकली. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "जाताना त्यानं झाकून ठिवलंय. तू उघडू नगं. पोरीला बाप तसाच ऱ्हाऊ दे."

चाकू धोतराला पुसून तो काठी टेकत चढ चढला. मायाक्का मागनं गेली.

त्याच दिवशी दुपारी आप्पानं गाडी जुंपली. नागव्वानं दिलेलं बोचकं ठेवलं, शेळी मागं बांधली. वाट खाचखळग्यांची, बहिणीचं चित्त ठिकाणावर नाही, पोरगी झोपेत खाली पडायची, म्हणून त्यानं बनाच्या कमरेभोवती फडकं गुंडाळलं आणि गाडीच्या कठड्याला बांधलं. चांगलं घट्ट बांधलं. शेवटी तोही मायाप्पाचाच लेक.

गाडी नांदरगीच्या शिवेबाहेर पडली तेव्हा मायाक्काचं लक्ष तिकडं गेलं. ती फडक्याची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना, मग तिनं दातांनी ओढली. आप्पा मागं वळून म्हणाला, "असू दे की, पडंल ती."

गाठ सुटली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि सोलापूर येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली.